भिंगारदिवे सिस्टरांची करवत

भिंगारदिवे सिस्टर रिटायर झाल्या, तेव्हा दवाखान्याने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते घड्याळ परत नेलं आणि लहान मुलांच्या वॉर्डात स्वतः खिळा ठोकून लावलं. "मला घरी घड्याळ कशाला? इथं पोरांच्या आया सारख्या विचारतात, सिस्टर, किती वाजले म्हणून," असं म्हणाल्या आणि घरी येऊन अंगणात खुर्ची टाकून बसल्या.

त्या खुर्चीने आमच्या कॉलनीची झोप उडवली. सिस्टरांच्या समोरून कुणालाही नुसतं जाता येईना. "अहो, चालताना कमरेत वाकताय, कधीपास्नं?" "त्या पोराचा कान बघू इकडं." भाजीवाल्याच्या बोटाला चिंधी दिसली, तर त्याची गाडी थांबवून त्याला ओट्यावर बसवायच्या आणि नीट पट्टी करूनच सोडायच्या. त्यांचं नाव एस्तर, पण त्या नावाने त्यांना फक्त चर्चमधली म्हातारी माणसं हाक मारायची. बाकी सगळ्या अहमदनगरला त्या सिस्टर. उंच, हाडापेराने मजबूत, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट त्यांनी रिटायर झाल्यावरही सोडले नाहीत.

मी त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहत होते. नोकरी एका सहकारी बँकेत. भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे सिस्टर माझ्या घरात येताना दार वाजवत नसत. भिंतच वाजवायच्या आणि ओरडायच्या, "वैशे, चहा टाकलाय."

सिस्टरांची मराठी दोन तऱ्हेची होती. डॉक्टरांशी, बँकेत, चर्चमध्ये बोलताना एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. घरात आणि रागात मात्र त्यांचं शेवगावकडचं गाव बाहेर यायचं. कौतुक तर कुठल्याच मराठीत करायच्या नाहीत. फार आवडलं तर "चालंल" म्हणायच्या. नाही आवडलं तर काहीच म्हणायच्या नाहीत, वस्तू तुमच्या हातात परत द्यायच्या.

करवतीचं प्रकरण सुरू झालं ते हत्तीमुळे. वॉर्डात एक लाकडी हत्ती होता, सात-आठ तुकड्यांचा, पोरांनी जुळवायचा. प्लास्टरमध्ये पाय अडकलेल्या पोरांना त्याच्यावर दुपार काढता यायची. वापरून वापरून त्याचे तुकडे हरवत गेले. सिस्टरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांत एक मुलगी त्या हत्तीचा कान सापडत नाही म्हणून इतकी रडली, की सिस्टरांनी पट्टी कापायच्या कात्रीने पुठ्ठ्याचा कान कापून दिला. संध्याकाळपर्यंत तो मुलीच्या तोंडात जाऊन लगदा झाला.

"पुठ्ठ्याचा न्हाई चालत," सिस्टर मला सांगत होत्या. "लाकडाचाच पाहिजे. आणि हत्ती एकटा किती दिवस पुरणार? उंट पाहिजे, मोर पाहिजे."

मग त्यांनी मोबाईलवर कुठे तरी स्क्रोल सॉ पाहिला. हे यंत्र मी तोवर पाहिलं नव्हतं. दिसायला शिवणयंत्रासारखं. सुईच्या जागी दोऱ्यासारखं बारीक करवतीचं पातं, वरखाली नाचणारं. करवत जागेवर राहते, लाकूड आपण फिरवायचं, कापड फिरवतो तसं. नागमोडी, गोल, जाळीदार, काय हवं ते कापता येतं. सिस्टरांनी आपल्या पुण्याच्या मुलाला फोन केला. मुलाने, आईची हौस म्हणून, जे पहिलं दिसलं ते मागवून दिलं.

ते यंत्र वजनाला पत्र्याच्या डब्याइतकं. चालू केलं की टेबलावरून चालायलाच लागायचं. सिस्टर एका हाताने यंत्र धरायच्या, दुसऱ्याने लाकूड. शिवाय त्याला फक्त टोकांना आडवी पिन असलेली पाती बसायची. हत्तीचा डोळा आतून कापायचा, तर आधी लाकडाला छिद्र पाडून त्यातून पातं ओवावं लागतं. ती पिन जाईल एवढं छिद्र पाडलं, तर हत्तीच्या डोळ्याचं बशीएवढं भोक व्हायचं. सिस्टरांनी आठवडाभर त्याच्याशी झटापट केली, मग पदराने घाम पुसत म्हणाल्या, "हा पेशंट आपल्याकडं बरा व्हायचा न्हाई. रेफर करावा लागंल." यंत्र खोक्यात भरून पुण्याला परत गेलं.

"आता मी सोता बघून आननार," त्यांनी जाहीर केलं. "पोरगी बघायला जातो तसं. चल तू."

स्टेशन रोडच्या बाजूला हत्यारांचं एक मोठं दुकान होतं. सिस्टर पिशवीत पुठ्ठ्याचा कापलेला हत्ती घेऊन आल्या होत्या. मालक तरुण आणि बोलका होता. त्याने यंत्रांची नावं सांगायला सुरुवात केली, तसा सिस्टरांनी हात वर केला.

"नाव राहू द्या. आधी मला स्टूल द्या."

स्टुलावर बसून त्यांनी हत्ती एका यंत्राच्या टेबलावर ठेवला आणि पात्याभोवती गोल फिरवला. सोंड मागच्या खांबाला अडली. "हा नको. ह्याच्यात माझा हत्ती मावत न्हाई." दुसऱ्यात सोंड फिरली. मग त्यांनी बसल्या जागेवरून बटणापर्यंत हात पोचतो का, ते बघितलं. "अडचण आली तर लाकडावरची नजर न काढता मला बंद करता आलं पाहिजे." मग म्हणाल्या, "चालू करा. आणि एक ग्लास पाणी द्या."

मालकाने पाणी आणलं. सिस्टर ते प्यायल्या नाहीत, त्यांनी ग्लास यंत्राच्या टेबलावर ठेवला आणि वाकून पाण्याकडे बघत राहिल्या. पाण्यावर बारीक शहारे होते, पण ग्लास जागचा हलला नाही. सिस्टरांनी वेगाची चकती हळू फिरवली, वाढवली, परत हळू केली. शेजारच्या हलक्या यंत्रावर तोच ग्लास ठेवला, तर थोड्या वेळाने तो कडेला येऊन टेकला.

"मॅडम, हे मी आजवर कुनी करताना बघितलं न्हाई," मालक हसत म्हणाला.

"पेशंट शांत झोपलाय का तळमळतोय, हे बघायला लागतं ना," सिस्टर म्हणाल्या. "आता ह्याचं पातं बदलून दाखवा. बिनपिनेचं."

मालकाने किल्ली शोधली, सापडली नाही. दुसऱ्याची आणली, ती बसली नाही. शेवटी त्याने आणि सिस्टरांनी मिळून, डोकी एकमेकांवर आपटत, ते जमवलं. एका यंत्राला किल्ली लागतच नव्हती, बोटाने फिरवायचा स्क्रू होता आणि वरचा दांडा जरा उचलून धरता येत होता. सिस्टरांनी त्याचं पातं तीनदा काढलं, तीनदा बसवलं. मालक तोवर चहा मागवून बसला होता. तेच यंत्र घरी आलं. पुढे त्या दुकानात कुणी नवखा स्क्रोल सॉ बघायला आला, की मालक आधी एक ग्लास पाणी मागवतो, असं ऐकलं.

घरी आणलं म्हणून लगेच कापायला बसल्या, असं झालं नाही. आठवडा नुसता मांडणीत गेला. नागापूरच्या एका वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून आणला, तोही तीन पायांचा. त्यांच्या पडवीतल्या फरश्या वरखाली होत्या, चार पायांतला एक कायम लटकत राहिला असता. बसून पाहिलं तर खांदे वर चढत होते. स्टँड परत गेला, पाय कापून आला. कोपर आणि टेबल एका पातळीत आलं, तेव्हाच सिस्टर गप्प झाल्या. पायांखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे, यंत्र बोल्टने स्टँडला आवळलेलं, आणि समोर खिडकीचा उजेड.

आणि एवढी सगळी तयारी झाल्यावर पहिल्या दिवशी पातं उलटं बसलं. दात खाली बघायला हवेत, ते वर बघत होते. लाकूड लावलं की टणकन उडायचं. सिस्टरांनी दोनदा धरलं, दोनदा उडालं. मग चष्मा काढून पात्यावरून नख अलगद वर-खाली फिरवून बघितलं आणि एवढ्या हसल्या, की मला भिंत ओलांडून ऐकू आलं. "वैशे, ये बघायला! इतकी वर्षं नोकरी केली, आणि आज सुई उलटी धरली!" पुढे कुणालाही शिकवताना त्या ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगायच्या. समोरच्याचे खांदे त्याने खाली येतात, असं त्यांचं मत होतं.

टेबल आणि पातं काटकोनात आहेत की नाहीत, हे तपासायची त्यांची रीत मला फार आवडायची. जाड ठोकळ्याला समोरून थोडी चीर पाडायची, मग ठोकळा अर्धा फिरवून तीच चीर पात्याच्या मागच्या बाजूला न्यायची. पातं अलगद चिरेत शिरलं तर सरळ, अडलं तर टेबल कललेलं. आणि ताण बघताना त्या पात्याला बोटाने छेडायच्या. चर्चमध्ये सिस्टर शेजारी असल्या की पुढच्या बाकावरची माणसं सूर सोडायची, इतका त्यांचा गळा बेसूर. पण पात्याचा सूर त्यांना बरोबर कळायचा. ढिलं असलं तर "दमलंय", योग्य असलं तर "हां, आता जागं झालं."

नसीम त्यांच्याकडे आली ती पट्टी बदलायला. नागापूरच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात ती प्रेसवर कामाला होती. विशी नुकतीच ओलांडलेली. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवताना शेजारणीचा पाय चुकून पेडलवर पडला आणि नसीमच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातून गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिची अम्मी तिला सिस्टरांकडे आणायची. जखम भरली, तरी नसीमचं येणं थांबलं नाही. ती पडवीच्या कोपऱ्यात बसायची, उजवा हात ओढणीत गुंडाळून. सिस्टरांनी करवत चालू केली की उठून अंगणात जायची.

सिस्टर तिला कधी "ये, बस" म्हणाल्या नाहीत. कॉलनीतल्या चार-पाच बायका तोवर शिकायला यायला लागल्या होत्या, बँकेला सुट्टी असली की मीही. नसीमला त्या फक्त तुकडे घासायला द्यायच्या. मऊ कागदाने कडा घासायच्या, पोरांच्या तोंडात जातात म्हणून. नसीम डाव्या हाताने घासायची. हळूहळू उजवा हात ओढणीतून बाहेर येऊ लागला, तुकडा धरण्यापुरता.

एके दिवशी ती स्वतःच म्हणाली, "सिस्टर, मी करून बघू?"

"बघू," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या भाषेत तो होकार.

डोळ्यांवर चष्मा, ओढणी मागे गाठ मारून. नसीमने पेन्सिलच्या रेघेवर लाकूड नेलं. थोडं पुढे गेलं, रेघ वळली. नसीमने लाकूड वळवण्याऐवजी बाजूला ढकललं आणि टक्कन पातं तुटलं. आवाज तो केवढासा! पण नसीमने हात असे छातीशी घेतले, जणू पुन्हा कुणी तरी ते हिसकायला आलं. स्टूल पडलं. ती पायात चप्पल न घालता निघून गेली.

बायका सिस्टरांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, सिस्टर मागे जातील. त्या गेल्या नाहीत. यंत्र बंद केलं, स्टूल उचलून ठेवलं, चप्पल पुसून ओट्यावर ठेवली. त्या दिवशी पुढे काही कापलं नाही.

दोन दिवसांनी त्या मला घेऊन नसीमच्या घरी गेल्या. चप्पल पिशवीत होती. दार अम्मीने उघडलं आणि उभ्या उभ्याच बोलली.

"सिस्टर, तुमी आमच्यासाठी लई केलं. पन आता नको. एका मशीनीनं पोरीची बोटं खाल्ली. पुन्ना मशीन कशाला?"

"बरोबर हाय तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "आई हाय, भ्या वाटनारच. मी जोर करायला आलेच न्हाई. चप्पल द्यायला आले."

आतून नसीमचा आवाज आला. "सिस्टर, पातं का तुटलं?"

सिस्टर उंबऱ्याशीच खाली बसल्या. "तू ढकललं म्हणून. त्याला ढकलायचं नसतं, त्याचं त्याला कापू द्यायचं. माझी किती तुटली, सांगू? डबा भरून ठेवलाय."

"मला वाटलं, कुनी तरी चालू केलं. प्रेसवर तसंच झालं हुतं. माझा हात आत, आन् चालू कुनी दुसऱ्यानंच केलं."

सिस्टरांनी पिशवीतली चप्पल काढून उंबऱ्याच्या आत ठेवली. मग म्हणाल्या, "एवढंच हाय का? मग उद्या ये. कापायचं न्हाई. नुसतं उघडायचं आन् बसवायचं."

नसीम आली. सिस्टरांनी यंत्राचा प्लग भिंतीतून काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "हा तुझ्याजवळ. तू लावशील तवाच ह्याच्यात जीव येनार. मीबी लावनार न्हाई." त्यानंतर बरेच दिवस नसीमने एवढंच केलं. पातं काढायचं, बसवायचं, ताण द्यायचा, छेडून ऐकायचं, ठोकळा फिरवून काटकोन बघायचा. लाकूड दाबून धरणारा वरचा छोटा पाय लाकडाला जेमतेम टेकेल इतका खाली घ्यायचा. पात्याचा स्क्रू तिच्या अर्ध्या बोटांच्या चिमटीत बसेना. सिस्टरांनी वेल्डरकडून त्यावर मोठी मूठ बसवून आणली. आता तळव्याने फिरायचा.

आणि एका सकाळी, मी बँकेत निघाले होते, पडवीत करवतीचा आवाज आला, तो सिस्टरांचा नव्हता. सिस्टर तर माझ्यासमोर अंगणात उभ्या होत्या, हातात झारी. झारीतलं पाणी संपलं तरी त्या ती कुंडीवर तशीच धरून होत्या.

सिस्टर आम्हा सगळ्यांना लाकूड बोटांच्या टोकांनी धरायला शिकवायच्या. नसीमला ते शक्य नव्हतं. ती उजव्या हाताचा तळवा लाकडावर सपाट ठेवायची, पात्यापासून लांब, आणि डाव्या हाताने वळण द्यायची. तिची कड आमच्यापेक्षा गुळगुळीत यायची, तिचं लाकूड थरथरतच नसे. सिस्टरांनी दोन दिवस बघितलं, मग स्वतः तसं करून पाहिलं. पुढच्या आठवड्यात बायकांना म्हणाल्या, "बोटांनी धरायचं सोडा. नसीमसारखं धरा." नसीम खाली मान घालून घासत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

त्या वर्षी वॉर्डात उंट गेला, मोर गेला, आणि नसीमच्या मनातून आलेली एक बकरी गेली, पोटात पिल्लू असलेली. ते पिल्लू बाहेर काढून परत आत बसवायचं. मुलांचं त्याच्यावरूनच भांडण व्हायचं. दोन बालवाड्यांनी तशाच बकऱ्या मागितल्या. नसीमला स्वतःचं यंत्र हवं होतं, आणि कारखान्याकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून तिने ते आणायचं ठरवलं. अम्मी आठवडाभर कुणाशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी तिने खिडकीजवळची कॉट स्वतः ओढून दुसऱ्या भिंतीला लावली. जागा झाली.

माझी संगमनेरला बदली झाली होती. सामान बांधायचं चाललं होतं, त्याच आठवड्यात नसीमच्या घरी यंत्र बसवायचं होतं. सिस्टरांना माझ्या स्कूटरवर घेऊन मी गेले. वाटेत मी म्हटलं, "सिस्टर, आज तुम्ही बसवून द्याल ना?"

"मी हात लावनार न्हाई," त्या म्हणाल्या. आणि घरात गेल्यावर कॉटवर बसून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

माणसाला गप्प बसायला किती कष्ट पडतात, ते मी त्या दिवशी बघितलं. नसीमने स्टँडची उंची बसून पाहिली. बोल्ट आवळले. पातं लावलं, छेडलं, पुन्हा थोडा ताण दिला. सिस्टरांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. ठोकळ्याला चीर पाडून नसीमने तो फिरवला. पातं चिरेत शिरेना. सिस्टर कॉटवरून जवळजवळ उठल्या आणि परत बसल्या. नसीमने टेबलाचा स्क्रू सैल केला, केसभर कलतं केलं, आवळलं. परत चीर, परत फिरवला. शिरलं.

अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. करवत चालू झाली, तशी ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मग बंद झाला, आणि ती परत बाहेर येऊन पोरीच्या मागे, जरा लांब, उभी राहिली. नसीमने पहिलं पिल्लू कापून यंत्र थांबवलं. अम्मीने ते उचललं, उलटंपालटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"याची आई कुठं हाय?" तिने विचारलं.

"कापते आता," नसीम म्हणाली.

आम्ही चहा घेऊन निघालो. कधीही कुठल्याही घरातून निघताना सिस्टर दारात उभ्या राहून सूचना देत. गोळी जेवणानंतर, पट्टी भिजवू नका, परवा या. त्या दिवशी काही न बोलता बूट घातले. बोळात आलो, मी स्कूटरला किल्ली लावली, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब जरा."

खिडकीतून करवतीचा आवाज येत होता. सिस्टर बोळाच्या मधोमध उभ्या राहिल्या, मान एका बाजूला कललेली. शेजारची एक बाई पाण्याची कळशी घेऊन त्यांना वळसा घालून गेली, तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. आवाज सरळ चालला होता, मग बारीक झाला, हळू झाला, एका जागी रेंगाळला. सिस्टरांचं बोट हवेत त्याच्याबरोबर वळलं, हळूच, पाठीकडून खाली, मानेकडून वर. मग आवाज पुन्हा मोकळा झाला आणि पुढे धावला.

"पोटाचं वळण पार झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता पाय सोपे हायत."

आणि पदर खोचून माझ्या मागे स्कूटरवर बसल्या.